बायपासचा रकाना

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मी फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या एका नगरपालिकेत, पर्यावरण विभागात रुजू झाले. सांडपाणी प्रक्रिया हा माझा विषय. आधीची सहा वर्षं प्लँटवरच गेली होती. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला टेबलाशी न बसवता समुद्रावर नेलं. वारा पडलेला होता. पाणी स्थिर, आणि काठापासून पाच-सहा मीटरपर्यंत त्याच्यावर पिवळट हिरवा थर, कुणी रंगाचा डबा ओतून ठेवल्यासारखा. त्यांनी एक काठी उचलली, थरात बुडवली आणि हळूच वर घेतली. "काठीला तंतू लोंबले तर साधं शेवाळ. काहीच लोंबलं नाही, थर नुसता विरून गेला, तर निळं-हिरवं. ते विषारी असू शकतं." काठी कोरी वर आली. मागे पोहण्याच्या जागेवर मनाईची पाटी लागली होती आणि एक बाई आपल्या कुत्र्याला पट्ट्याने मागे ओढत होती. हे पाणी पिऊन कुत्री दगावतात.

"ह्याला खायला आपणच घालतो," ते म्हणाले. "आपण, आणि पलीकडचे."

माझी पुढची चार वर्षं त्या 'पलीकडच्यां'बरोबर गेली. त्या कामाबद्दल हे लिहिते आहे. शहरांची नावं घेत नाही, कारण ह्यात आमच्याही चुका आहेत आणि त्यांच्याही अडचणी आहेत.

आधी ह्या समुद्राबद्दल थोडं सांगते. बाल्टिक समुद्र नकाशावर ऐसपैस दिसतो, पण तो उथळ आहे. सरासरी खोली साधारण ५५ मीटर. बाहेरच्या समुद्राशी त्याला जोडणाऱ्या डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुन्या अरुंद आहेत, त्यामुळे आतलं पाणी बदलायला सुमारे ३० वर्षं लागतात. काठावर नऊ देश. त्याला येऊन मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत साडेआठ कोटींच्या आसपास माणसं राहतात. शेतातलं खत आणि घरातलं मैलापाणी ह्यांतून फॉस्फरस येतो आणि शैवाल त्यावर पोसतं. निळं-हिरवं शैवाल नायट्रोजन हवेतूनच घेऊ शकतं, म्हणून त्याला लगाम घालायचा तर फॉस्फरसच आवळावा लागतो. मेलेलं शैवाल तळाशी जाऊन कुजतं, तिथला प्राणवायू संपवतं, आणि प्राणवायू संपला की गाळात लोहाला धरून बसलेला जुना फॉस्फरस सुटून पुन्हा वर येतो. म्हणजे आजोबांच्या काळातलं खातं नातवाच्या उन्हाळ्यात निघतं. आज शेतीचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण शेतं लाखो आहेत. मैलापाण्याचं तसं नाही. प्रत्येक शहराचा शेवटचा पाइप एक, आणि त्याच्या तोंडाशी बाटली धरून मोजता येतं.

तो पाइप शहराच्या मालकीचा असतो. मला ह्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. १९७४ मध्ये, ऐन शीतयुद्धात, ह्या काठावरच्या सात देशांनी हेलसिंकीत समुद्र वाचवण्याचा करार केला. १९९२ मध्ये तो नव्याने झाला आणि त्याची अंमलबजावणी बघणाऱ्या आयोगाला सगळे 'हेलकॉम' म्हणतात. त्या करारांचं मोल मोठं आहे. सह्या मात्र मंत्र्यांच्या. मैलापाण्याच्या वाहिन्या, पंप, टाक्या, लॅब, आणि रात्री दोनला अलार्म वाजला की कोट चढवून निघणारा माणूस, हे सगळं नगरपालिकेचं. इथल्या शहरांना एकमेकांशी थेट बोलायची सवय जुनी आहे. हान्सा ह्या व्यापारी शहरांच्या संघाने १३७० मध्ये श्ट्रालझुंडला डेन्मार्कच्या राज्याकडून आपल्या अटींवर तह करून घेतला होता. अलीकडचं बोलायचं तर फिनलंडचं तुर्कू आणि तेव्हाचं लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, १९५३ मध्ये भगिनी शहरं झाली. १९९१ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला ३२ शहरांनी मिळून बाल्टिक शहरांचा संघ काढला, आणि त्याचं पर्यावरणाचं काम तुर्कूहून चालतं.

सेंट पीटर्सबर्गची हकीकत आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते. १९७८ पर्यंत त्या अवाढव्य शहराचं मैलापाणी प्रक्रियेविना नेव्हा नदीत आणि तिथून फिनलंडच्या आखातात जात होतं. २००५ मध्ये तिथला नैर्ऋत्य प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. नॉर्डिक देशांचा पैसा आणि रशियन शहराची जमीन, माणसं, जिद्द. पुढे फॉस्फरस रसायनाने काढण्याची सोय बसली, आणि २०१३ पर्यंत ९८ टक्के मैलापाणी प्रक्रियेखाली आलं. आखातात फरक दिसला. फिनलंडने तेवढाच पैसा स्वतःच्या प्लँटमधला शेवटचा कण टिपायला घातला असता तर त्याच्या पासंगालाही पुरेसा फायदा झाला नसता. आपल्या किनाऱ्यासाठी पलीकडच्या पाइपावर खर्च करायचा, हा विचार ह्या भागातल्या करदात्यांना पटलेला आहे. मला त्याचं फार कौतुक आहे.

आमचं काम त्या मानाने अगदी लहान होतं. लाटव्हियातलं चाळीसेक हजार वस्तीचं एक शहर, नदीकाठचं, समुद्रापासून ६० किलोमीटर आत. त्यांच्या प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे १.८ मिलिग्रॅम फॉस्फरस. आता गंमत अशी की हे पूर्ण कायदेशीर होतं. युरोपीय संघाचा १९९१ चा निर्देश तेव्हा दहा हजार ते एक लाख वस्तीच्या भाराला २ मिलिग्रॅम चालवून घेत होता, त्याच्या वर १. हेलकॉमची २००७ ची शिफारस ०.५ ची. पण शिफारस म्हणजे शिफारस, तिच्यासाठी कुणी कोर्टात खेचत नाही. १.८ आणि ०.५ ह्यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथे देशांचा हात पोचत नाही. तिथे एक शहर दुसऱ्या शहराकडे जाऊन विचारू शकतं: करायचं का?

मी पहिल्यांदा गेले ती २०१६ च्या फेब्रुवारीत. हेलसिंकीहून बोटीने दोन तासांत टालिन, तिथून बस. बरोबर लॅपटॉपमध्ये तयार आराखडा. आमच्या प्लँटचाच, आकार बदललेला: फॉस्फरस खाली बसवणाऱ्या फेरिक सल्फेट ह्या लोहक्षाराची टाकी, तो मोजून सोडणारे दोन डोसिंग पंप, पाइप, आणि शेजारी चुन्याची टाकी. जुना मोडकळीला आलेला प्लँट असेल अशी मनाशी समजूत. प्रत्यक्षात २००४ नंतर, संघात आल्यावर, त्यांनी सगळं नव्याने बांधलेलं होतं. गाळ पिळायचं त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा चांगलं होतं. प्लँटच्या प्रमुख एक पन्नाशीच्या बाई होत्या, आणि त्यांच्याबरोबर तीस वर्षं नोकरी झालेले एक ऑपरेटर. त्यांना आम्ही सगळे 'मास्तर' म्हणायला लागलो, कारण त्यांच्या भाषेत फोरमनला त्याच्याच जवळचा शब्द आहे असं दुभाष्या म्हणाला.

मास्तरांनी आराखडा शेवटपर्यंत पाहिला. मग चुन्याच्या टाकीवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाला?"

मी समजावलं: फेरिक सल्फेटने पाण्याची क्षारता खर्च होते, सामू उतरतो, आणि अमोनिया खाणारे जंतू मंदावतात. म्हणून चुना.

ते उठले, कोपऱ्यातली चहाची किटली आणली आणि झाकण काढून माझ्यापुढे धरली. आतून पांढरी, दोन मिलिमीटर जाड पुटं. "आमचं पाणी जमिनीतलं. चुना त्यात देवाने आधीच घातलाय."

बरोबर होतं ते. फिनलंडचं पाणी मऊ, ग्रॅनाइटवरचं. त्यांचं कठीण, डोलोमाइटच्या थरातलं. चुन्याची गरजच नव्हती. मी सहा वर्षं ह्या विषयात घालवून, समुद्र ओलांडताना त्यांच्या पाण्याचा एक साधा अहवाल मागवला नव्हता. आराखड्यातून ती टाकी गेली, आणि तिच्याबरोबर खर्चाचा पाचवा भाग. त्या दिवसानंतर मी कुठल्याही भागीदाराकडे तयार आराखडा घेऊन गेले नाही. आधी त्यांची किटली बघायची.

मास्तरांची खरी हरकत मात्र वेगळीच होती, आणि ती प्रत्येक प्लँटवर ऐकू येते. लोहाने फॉस्फरस खाली बसवला की गाळ वाढतो. कागदावर फॉस्फरस नाहीसा होतो, प्रत्यक्षात तो गाळात जातो, आणि तो गाळ पिळायचा, उचलायचा, कुठे तरी न्यायचा. त्याचे पैसे कोण देणार? सहकार्याच्या बैठकांत पंपाच्या पैशाची चर्चा तासन्‌तास होते. गाळाची होत नाही. आम्ही ती निधीच्या अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून घातली, आणि हा त्यांच्या आग्रहाचा परिणाम.

अर्ज हे एक वेगळंच प्रकरण आहे. निधी युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्याचा. नियम असा की निदान तीन देशांचे तीन भागीदार हवेत. तिसरं शहर पोलंडचं मिळालं, बंदराचं, आमच्या दोघांपेक्षा मोठं. एक शहर मुख्य भागीदार, म्हणजे सगळ्यांच्या हिशेबाची जबाबदारी त्याच्यावर. ते आम्ही झालो. निधी फिनलंडला खर्चाच्या ७५ टक्के, लाटव्हिया आणि पोलंडला ८५ टक्के. बाकीचे स्वतःच्या खिशातून. ऐकायला उदार वाटतं. पण पैसे आधी हातात येत नाहीत. आधी तुम्ही खर्च करायचा, सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा, तुमच्या देशातला तपासनीस प्रत्येक पावती बघून दाखला देणार, मग सगळ्यांचे दाखले एकत्र, मग परतावा. खर्च आणि परतावा ह्यांत दहा-अकरा महिने सहज जातात. आमच्या नगरपालिकेला त्याचं काही वाटलं नाही. चाळीस हजारांच्या शहराला सव्वा लाख युरो वर्षभर अडकवून ठेवणं म्हणजे शाळेचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलणं.

म्हणून तो निर्णय त्यांच्या नगरपरिषदेत गेला. २०१६ चा डिसेंबर, दुपारी चारलाच अंधार. मी मागच्या बाकावर, शेजारी दुभाषा कानात कुजबुजतोय. एका सदस्याने सरळ विचारलं: "समुद्र ६० किलोमीटरवर. आपण कायदा पाळतो. शेवाळ फिनलंडच्या सुट्टीच्या घरांपुढे येतं. त्यांच्या सुट्टीसाठी आपल्या लोकांचं बिल का वाढवायचं?"

प्रश्न रास्त होता. मला उत्तर द्यायला उभं राहायचं होतं, भाषणही तयार होतं. प्लँटच्या बाईंनी हाताने मला थांबवलं आणि त्या स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी समुद्राचं नावच काढलं नाही. शहराच्या खालच्या अंगाला नदीच्या वळणावर मुलं पोहायला जातात, तिथे गेले दोन उन्हाळे तळ हिरव्या झिपऱ्यांनी भरलाय, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "समुद्राला जाणारं पाणी आधी आपल्या पोरांच्या अंगावरून जातं." मग खर्च, गाळासकट, ओळीने. मतदान झालं. ८ विरुद्ध ६. कर्ज देशाच्या सरकारी तिजोरीतून घ्यायचं ठरलं, तिथल्या नगरपालिका तसंच करतात.

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. दुसऱ्या शहराच्या सभागृहात आपण बोलायचं नसतं. बोलणारा माणूस तिथलाच हवा, आणि त्याच्या हातात आपण खरे आकडे ठेवायचे. एवढं मला ह्या बाईंनी शिकवलं.

निविदा, करारनामा, टाइमशीट ह्यांत पुढचं वर्ष गेलं. त्यावर शब्द खर्च करत नाही. पोलंडच्या सहकाऱ्यांनी निविदेची कागदपत्रं करून दिली. त्यांचा हात त्यात इतका बसलेला होता की आम्ही दोघांनी फक्त सह्या केल्या.

२०१७ च्या शरदात, रसायनाचा डोस ठरवायला, जार टेस्ट केली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सहा काचेची भांडी एका रांगेत, प्रत्येकात लिटरभर मैलापाणी, प्रत्येकात एक पातं. फेरिक सल्फेट विटकरी-तपकिरी, चिकटसर. पिपेटने पहिल्या भांड्यात काहीच नाही, मग वाढत वाढत. मिनिटभर पाती जोरात फिरतात, मग वीस मिनिटं अगदी हळू. आधी काही दिसत नाही. पाणी नुसतं गढूळ. मग चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिसऱ्या भांड्यात बारीक कण दिसायला लागतात, ते एकमेकांना धरतात, लोकरीच्या पुंजक्यासारखे होतात आणि पात्याबरोबर सावकाश गिरक्या घेतात. पाती थांबवली की पुंजके खाली बसू लागतात आणि वरून पाणी उजळत येतं. मास्तर गुडघ्यावर बसून, भांड्यांच्या पातळीला डोळे आणून बघत होते. आमचा हिशेब चौथ्या भांड्याचा डोस सांगत होता. त्यांनी तिसऱ्यावर टिचकी मारली. "हे आधी बसलं, आणि ह्याचा गाळ कमी." मोजमाप आल्यावर तिसरं आणि चौथं ह्यांत फरक नगण्य निघाला. तिसऱ्याचा डोस ठरला. वर्षाला रसायनाचा आणि गाळाचा जो पैसा वाचला, तो त्या टिचकीचा.

डोसिंग सुरू झालं २०१८ च्या जानेवारीत. पहिल्या महिन्याचा आकडा ई-मेलने आला: १.५. आमच्याकडे चेहरे उतरले. १.८ वरून १.५ म्हणजे काहीच नाही. आमच्या बाजूच्या एका सल्लागाराने जरा कडक पत्र लिहिलं: पंप नीट चालवत नसाल, रसायन वाचवत असाल. ते पत्र माझ्या सहीने गेलं. आजही त्याची मला खंत आहे.

उत्तर आलं नाही. मी फोन केला. बाईंचा आवाज थंड होता. "तुम्ही स्वतः येऊन मोजा." मी गेले. मास्तरांनी माझ्यासमोर नमुना घेतला, चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला. किटच्या नळीत टाकला, तापवला, रसायन घातलं. फॉस्फरस असला की ही नळी निळी होते. जितका जास्त, तितकी गडद. ही जेमतेम निळसर झाली, धुतल्या कपड्याला नीळ कमी पडावी तशी. मी म्हटलं, हे १.५ असूच शकत नाही. यंत्रात घातली: १.५. मग यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली. ते यंत्र फॉस्फेट दाखवत होतं, फॉस्फरस नव्हे. पीओ-४, नुसता पी नाही. एका अणूबरोबर ऑक्सिजनचं वजनही धरलं की आकडा तिपटीहून थोडा जास्त येतो. १.५ भागिले ३.०७. उत्तर ०.४९.

म्हणजे पहिल्याच महिन्यात त्यांनी ०.५ ची शिफारस गाठली होती, आणि आम्ही त्यांना दटावणारं पत्र पाठवलं होतं. आधीचा १.८ बाहेरच्या लॅबचा होता, फॉस्फरसमध्ये. तिन्ही शहरांचे आकडे ज्यात भरायचे, त्या माझ्या तक्त्यात एककाचा रकानाच नव्हता. तिथे सगळे पीमध्ये लिहितात असं मी गृहीत धरलं होतं. मी मास्तरांची माफी मागितली, दुभाष्याची वाट न बघता, मला येणाऱ्या त्यांच्या भाषेतल्या दहा शब्दांत. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नळी धुऊन रॅकवर उलटी ठेवली आणि किटलीकडे गेले. तक्त्यात दोन रकाने वाढले: पी आणि पीओ-४.

पण खरा बदल पुढे एप्रिलमध्ये झाला, आणि तो आमच्या बाजूला. लाटव्हियाचे चार आणि पोलंडचे तीन जण आमचा प्लँट बघायला आले. पाहुणे येणार म्हणून सगळं चकचकीत केलेलं. बाहेर मात्र बर्फ वितळण्याचा आठवडा, त्यावर दोन दिवस पाऊस. वितळलेलं पाणी जुन्या गळक्या वाहिन्यांतून आत शिरतं आणि प्लँटला येणारा प्रवाह अडीच-तीनपट होतो. पाणी थंड, जंतू आधीच सुस्त. एवढं पाणी जैविक टाक्यांतून ढकललं तर जंतूच वाहून जातील, म्हणून प्राथमिक टाकीनंतर एक दार उघडतात आणि जादाचं पाणी सरळ समुद्राकडे सोडतात. त्याला बायपास म्हणतात. सगळीकडे असतो.

आम्ही पाहुण्यांना नव्या गाळण यंत्रांकडे नेत होतो. मास्तर मागे राहिले. ते त्या दारापाशी उभे होते, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, खाली वाहणारं करडं पाणी बघत. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी दुभाष्यामार्फत एकच विचारलं: "हे आज किती? आणि हे तक्त्यात कुठे आहे?"

तक्त्यात ते नव्हतं. आमच्या परवान्याच्या अहवालात बायपास धरला जायचा, तिथे काही लपवलेलं नव्हतं. पण तीन शहरांनी मिळून जो तक्ता भरायचा, ज्यावरून आम्ही त्यांना पत्रं लिहायचो, त्यात फक्त प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी होतं. तिथे आमचा आकडा ०.३. त्या संध्याकाळी मी बायपास धरून महिन्याचा हिशेब केला. ०.७. तीन शहरांत त्या महिन्यात सगळ्यात वाईट आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही शहरांच्या सुकाणू समितीची बैठक होती. विभागप्रमुखांना मी तो आकडा दाखवला आणि विचारलं, काय करायचं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग बैठकीत त्यांनी पहिला विषय तोच घेतला. आकडा फळ्यावर लिहिला, आणि म्हणाले की आम्हाला ह्यात तुमची मदत लागेल.

त्या वाक्यानंतर बैठकीचा सूरच बदलला. तोपर्यंतच्या दोन वर्षांत आम्ही विचारायचो आणि ते उत्तरं द्यायचे. त्या दिवशी लाटव्हियाच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की पावसाळी दिवसांत त्यांचा एक पंप बंद पडतो आणि दोन ठिकाणी मैलापाणी नदीत जातं. हे कुठल्याही अहवालात नव्हतं. पोलंडच्या अभियंत्यांनी मग आपलं सांगितलं. बंदराच्या शहराला पूर आणि वादळाचं पाणी नवं नाही, आणि वाहिन्यांत बाहेरचं पाणी कुठून शिरतं हे शोधायचं तंत्र त्यांच्याकडे होतं. ऑगस्टमध्ये त्यांचे दोघे जण धुराचं यंत्र घेऊन आमच्याकडे आठवडाभर राहिले. एका मॅनहोलमधून निरुपद्रवी धूर आत सोडायचा आणि रस्त्यावर उभं राहून बघायचं. वाहिनी बंदिस्त असेल तर धूर दुसऱ्या मॅनहोलमधूनच निघेल. आमच्याकडे तो एका शाळेच्या छपराच्या पन्हळीतून निघाला, मग तिच्या समोरच्या तीन घरांच्या पन्हळींतून. छपरांचं पावसाचं पाणी पन्नास वर्षं मैलावाहिनीत जात होतं आणि नकाशावर त्याची रेघही नव्हती. मुलं खिडक्यांत गर्दी करून धूर बघत होती. पोलंडचा तंत्रज्ञ प्रत्येक पन्हळीवर पिवळ्या खडूने फुली मारत पुढे जात होता.

सहकार्य म्हणजे श्रीमंत काठाने गरीब काठाला तंत्रज्ञान देणं, असं मी आले तेव्हा मानत होते. अर्जाच्या भाषेतही तेच असतं: देणारा, घेणारा, हस्तांतर. माझं आता ठाम मत आहे की जोवर देणारं शहर स्वतःचा बायपास दाखवत नाही, तोवर घेणारं शहर खरा आकडा देत नाही. आणि खरा आकडा नसेल तर पंप कितीही चांगले बसवा, समुद्राला त्याचा उपयोग नाही. देशादेशांत हे जमणं कठीण, तिथे प्रत्येक आकड्याला अब्रू चिकटलेली असते. दोन प्लँटच्या माणसांत ते जमतं, कारण दोघांनाही रात्री दोनचा अलार्म माहीत असतो.

प्रकल्प २०१९ च्या वसंतात संपला. शेवटचा परतावा लाटव्हियाच्या शहराला त्यानंतर नऊ महिन्यांनी मिळाला. हा नियम बदलायला हवा. लहान शहरांना सुरुवातीला निदान निम्मी रक्कम उचल म्हणून द्यायला हवी, नाही तर ती शहरं अर्जच करणार नाहीत आणि समुद्राला नेमकी त्यांचीच गरज आहे. हे मी प्रत्येक मूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये लिहिलं आहे आणि लिहीत राहीन.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि पूर्वेकडच्या शहरांशी बोलणं थांबलं. तुर्कूच्या रस्त्यावरचा लेनिनचा अर्धपुतळा, लेनिनग्राडने १९७७ मध्ये भेट दिलेला, त्या एप्रिलमध्ये हलवला. तो निर्णय मला पटतो. तरी आखाताच्या त्या टोकाला ज्यांच्याबरोबर परिषदांमध्ये मी गाळाबद्दल तासन्‌तास बोलले, ती माणसं आजही तिथे डोसिंग पंप चालवत असतील, आणि त्यांचे आकडे आता आम्हाला कळत नाहीत, ह्याचं दुःख वेगळं आहे. समुद्राचं पाणी तिकडून इकडे पूर्वीसारखंच येतं.

२०२४ मध्ये युरोपीय संघाचा निर्देश बदलला आणि फॉस्फरसच्या मर्यादा कडक झाल्या. लाटव्हियाच्या बाईंनी त्या दिवशी मला फक्त ०.४९ असा आकडा पाठवला.

मास्तर निवृत्त झालेत. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली आहे, आणि तक्ता अजून चालू आहे, कुठल्याही निधीविना. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत तीन शहरं तो भरतात. गेल्या एप्रिलचा मी काल पुन्हा उघडून पाहिला. पी, पीओ-४, प्रवाह, तापमान, आणि शेवटी बायपासचा रकाना. त्यांच्याकडे दोन दिवस, पोलंडकडे शून्य, आमच्याकडे चार. चारच्या पुढे आमच्या ऑपरेटरने कंसात लिहिलं होतं: शाळेची पन्हळ तोडली, दोन घरं बाकी.